लसूण-ओव्याचे मासे

मोहाडी तांड्यात कोणाला ठसका लागला तर तो तोंडावर धोतर दाबून खोकायचा. आवाज डोंगरसिंगाच्या कानावर गेला की मग सुटका नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हातातलं काम टाकून डोंगरसिंग घरात शिरे, आढ्याला टांगलेली पिशवी काढी, आणि लसूण, ओवा, हळद, सुंठ न् कडूलिंबाचा पाला गुळात कुटून केलेला लिंबाएवढा गोळा घेऊन खोकणाऱ्याच्या दारात उभा राही. "आ कर," एवढंच म्हणे.

हा गोळा मुळात माणसांचा नव्हताच. त्याच्या आज्याच्या काळी तांडे बैलांच्या पाठीवर धान्य न् मीठ लादून मुलूखभर फिरत. तेव्हाचा तो बैलांचा मसाला. पुढं रेल्वे आली, लदेणीचा तो धंदा बसला, आणि हा तांडा उमरखेडच्या अंगाला डोंगराच्या कुशीत कापूस-ज्वारी करून राहू लागला. बैलांच्या त्या लांबच लांब रांगा गेल्या, डोंगरसिंगाकडे उरली एक जोडी. मसाला कुटणारा हात मात्र थांबला नाही. जोडी बिचारी खाऊन खाऊन किती खाणार? मग शेळ्या झाल्या, कोंबड्या झाल्या, शेजारी झाले. जावई देवसिंग सासुरवाडीला आला की आधी आंब्याखाली थांबून सासरा वावरात गेल्याची खात्री करून घ्यायचा. तरी एकदा सापडलाच. त्याला काही झालेलं नव्हतं. "झालं नाई तवाच घ्या लागते," असं म्हणत सासऱ्यानं त्याला गोळा चारला, आणि जावई परतीच्या वाटेवर पार गावाबाहेर जाईपर्यंत थुंकत गेला.

बायको हंसाबाई म्हणायची, "लोकाईच्या घरी जावयाले शिरा करते. आमच्या घरी पाला."

जिल्हा परिषद नवी झाली त्या साली तांड्याच्या वरच्या तलावात मासे सोडायचं ठरलं. तलाव दुष्काळी कामात खोदलेला. आजवर त्यात म्हशी बसत न् बायका धुणं धूत. कलकत्त्याकडून रेल्वेनं रोहू-कतल्याचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, डबे भरून आलं, आणि तलावावर राखणदार कोण, असा प्रश्न निघाला. तांड्यात मासे पाळण्यातलं कोणाला काहीच कळत नव्हतं. तांड्याचा नाईक बाबूसिंग मिशी ओढत म्हणाला, "डोंगरसिंगाले बसवा. दिवसभर तठीच राहीन. तांड्याले तरी सुखानं खोकता येईन."

सगळ्यांनी इतक्या जोरात माना हलवल्या की डोंगरसिंगाला वाटलं, आपला केवढा हा मान! तो पिशवी घेऊनच तलावावर गेला.

पावसाळाभर बरं चाललं. सरकीची ढेप न् ज्वारीचा भरडा पाण्यात टाकायचा न् बगळे हाकायचे, एवढंच काम. मासे वीतभर झाले. मग थंडी पडली, आणि एके सकाळी डोंगरसिंगाला काठाशी एक रोहू आडवातिडवा पोहताना दिसला. अंगावर लाल चट्टा, खवले निघालेले. दुसऱ्या दिवशी तसे आणखी दिसले, आणि काही पोट वर करून तरंगू लागले.

डोंगरसिंगाला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण खोटं कशाला सांगावं, त्याच्या छातीत कुठंतरी एक उकळीही फुटली. आजारी! आणि पळून जाणार कुठं?

बैलाला औषध पाजायचं बांबूचं नळकं त्यानं काढलं, गोळा पाण्यात कालवून काढा केला, आणि हंसाबाईला तलावावर बोलावून घेतलं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. महत्प्रयासानं एक कतला टोपलीत सापडला. तो तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"नीट धर!" डोंगरसिंग म्हणाला.

"धरलीच हाये मी. थे राहून नाई राह्यली!"

"तोंड उघडव तिचं."

"थे सोताच उघडते न् मिटते, उघडते न् मिटते. उघडली का ओता."

डोंगरसिंगानं नळक्याचं टोक माशाच्या तोंडाशी नेलं, दुसऱ्या टोकाला आपलं तोंड लावलं, आणि फुंकर मारणार एवढ्यात कतल्यानं शेपटीचा असा फटका दिला की नळकं उलटं होऊन सगळा काढा डोंगरसिंगाच्याच घशात आणि नाकात गेला. तो ठसकत, डोळे पुसत, काठावर बसला. मासा केव्हाच पाण्यात गेला होता.

हंसाबाई लुगडं पिळत म्हणाली, "साजरं झालं. इतक्या वर्सात एक डाव तरी तुमची दवा तुमच्या पोटात गेली."

पण हार मानेल तो डोंगरसिंग कसला! एकेकाला धरणं जमत नाही ना, मग सगळ्यांना एकदमच पाजू. त्यानं मोठा हंडा चुलीवर चढवला, घरातली सगळी हळद, सगळा लसूण त्यात घातला, आणि तो काढा नेऊन तलावात ओतला, तोही नेमका धुण्याच्या दगडापाशी. मासे होते तसेच राहिले. पण त्या दिवशी तांड्यातलं यच्चयावत धुणं पिवळं झालं. संध्याकाळी नाईकासकट सगळे पुरुष हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळ्या धोतरांत फिरत होते आणि प्रत्येकाच्या अंगाला फोडणीचा वास येत होता.

बाबूसिंग नाईकानं सरळ यवतमाळला माणूस धाडला.

तिकडून आले सदाशिवराव. मत्स्यखात्याचे. उमरखेडपर्यंत एसटीनं, पुढं भाड्याच्या सायकलवर. उंच, वाळकुडे, पँटला सायकलचे चिमटे लावलेले. माणूस अभ्यासाचा आणि भला, पण एक खोड होती. कोणत्याही गोष्टीला ते हो म्हणत नसत न् नाही म्हणत नसत. पाऊस पडत असताना "पाऊस पडतोय का साहेब?" असं विचारलं तर म्हणाले असते, "तसं दिसतंय खरं, पण एवढ्यावरून म्हणता येणार नाही."

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एक मासा उलटासुलटा करून पाहिला. तलावात कळीचा चुना टाकायला सांगितलं. विहिरीत टाकतात त्या लाल औषधाच्या पाण्यात आजारी मासे बुडवून काढायला सांगितलं. मग ते डोंगरसिंगाकडे वळले. पिवळ्या धोतरांची हकिकत त्यांच्या कानावर आली होती. डोंगरसिंग खाली मान घालून उभा होता.

"डोंगरसिंगभाऊ, मासा आजारी पडला की काय करतो माहितीये? खाणं सोडतो. मग तुम्ही त्याच्या पुढ्यात अमृत ठेवा, काय उपयोग? आणि पाण्यात ओतलेलं औषध तर पाण्याचंच होतं, माशाचं होत नाही."

"मंग दवा द्या कवा, साहेब?"

"द्यायचीच असेल तर खाण्यातून. तीही धडधाकट असताना, रोग यायच्या आधी. म्हणजे अंगात जोर राहील, रोग आला तरी अंग त्याच्याशी झगडेल. काही ठिकाणी असे प्रयोग चाललेत असं वाचलंय. आता तुमच्या लसणानं ते होईल का, हे मात्र मी सांगू शकत नाही. होणार नाही असंही सांगू शकत नाही."

डोंगरसिंगानं मान वर केली. त्याचे डोळे असे चमकले की सदाशिवराव एक पाऊल मागं सरकले.

"आयकलं का व?" तो बायकोकडं वळून ओरडला. "साहेब काय म्हून राह्यले? धडधाकट असतानाच द्या लागते! मी जावयाले काय सांगत होतो?"

हंसाबाई म्हणाली, "साहेब, तुमी काय करून बसले हे तुमाले ठाव नाई."

सदाशिवरावांच्या चुन्यानं म्हणा, थंडी ओसरली म्हणून म्हणा, मासे मरायचे थांबले. आणि डोंगरसिंग खाद्याच्या मागं लागला. आधी नुसते गोळेच टाकून पाहिले. मासे येत, गोळ्याचा तुकडा तोंडात घेत आणि फुर्रकन बाहेर टाकत. असा एक जण, दुसरा, तिसरा. डोंगरसिंग काठावर बसून बघत राही. त्याला जावयाची आठवण होई.

"कडूलिंब काढा त्यातला," हंसाबाईनं शेवटी सांगितलं. "मासोयाईचं काय चुकलं?"

"कडूलिंबाबिगर दवा म्हंजे—"

"तुमी खाता काय कडूलिंब? मंग!"

कडूलिंब गेला. पण गोळा पाण्यात पडला की विरघळून जाई. मसाला एकीकडं न् ढेप एकीकडं. तेही हंसाबाईनंच सोडवलं. जवस भिजवून त्याचं चिकट पाणी काढलं, त्यात ज्वारीचं पीठ शिजवलं, आणि त्या घट्ट लगद्यात ढेप, लसूण, ओवा, हळद न् गुळाचा खडा मळून मुठीएवढे गोळे वळले. मसाला किती घालायचा यावर नवराबायकोचं रोज वाजे. तो मूठभर म्हणे, ती चिमूटभर. तो पाठमोरा झाला की ती निम्मा काढून ठेवी, आणि मासे आवडीनं खाऊ लागले ते त्यामुळंच. हे गोळे टोपलीत ठेवायचे न् टोपली दोरीनं बांबूला बांधून पाण्यात हातभर खाली सोडायची. खाल्लं किती, उरलं किती, लगेच कळायचं.

दोरी सोडताना डोंगरसिंग "आवो, आवो" अशी हाळी द्यायचा, जशी गोर, म्हणजे बंजारा माणूस पाहुण्याला देतो. काही आठवड्यांनी असं झालं की त्यानं "आवो" म्हणायच्या आत पाणी उकळल्यासारखं हलू लागे. काळ्या पाठींची झुंबड टोपलीशी येई, एकमेकांना ढुशा देई. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा डोंगरसिंग दोरी हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. उभ्या जन्मात त्याच्या औषधापासून सगळे पळाले होते. आज त्याच्या औषधाकडे कोणीतरी धावत येत होतं. त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले न् बायकोला सांगितलं की लसूण झोंबला.

आता खालच्या रुईखेडात हे कळल्याशिवाय कसं राहील? तांड्याच्या तलावाचं सांडव्याचं पाणी उतरून रुईखेडच्या तलावात जाई. तिथंही त्याच वेळी तेच बीज सोडलेलं, तिथंही थंडीत तसेच मासे मेलेले. सदाशिवरावांनी चुनाही दोन्हीकडं टाकायला लावला होता. रुईखेडचा तलाव पाहायचे नानाजी पाटील. भरघोस देह, मोठा फेटा, आणि पोटात कायमचा वायू. पाटील बोलत तेव्हा दर वाक्यानंतर ढेकर यायचा. तो आला नाही तर समोरच्याला वाटे, वाक्य अजून संपलं नाही.

पाटील तांड्याच्या तलावाच्या काठावर आले, टोपलीभोवतीची झुंबड पाहिली न् म्हणाले, "डोंगरसिंग, आमच्याई तलावाले पायजे हे. आमच्या मासोया काय सावत्र हायेत?" आणि ढेकर दिला.

डोंगरसिंगाला तर आभाळ ठेंगणं झालं. मागून औषध नेणारा पहिला माणूस! ठरलं असं की ज्वारी न् लसूण पाटलांच्या मळ्यातून यायचा, गोळे हंसाबाईनं वळायचे, आणि आठवड्याच्या बाजाराला येता-जाता पाटलांनी आपली टोपली भरून न्यायची.

पाटलांनी पहिली टोपली खरंच तलावावर नेली असावी. वाटेत गोळ्यांचा वास येत होता. लसूण, ओवा, गुळात शिजलेलं पीठ. पाटलांनी एक मोडून जिभेवर ठेवला. बरा लागला. एक खाल्ला. तलाव येईपर्यंत दोन-तीन झाले. त्या रात्री कित्येक वर्षांत पहिल्यांदा पाटील न फुगता झोपले.

पुढच्या बाजाराला पाटील जरा लवकरच आले. "मासोया लय मागून राह्यल्या," म्हणाले. "टोपली थोडी मोठी भर."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. पाटलांचा वर्ण उजळला. वाक्यं ढेकराविना संपू लागली. लोकांना सवय नव्हती, ते वाट पाहत थांबायचे. डोंगरसिंग भेटेल त्याला सांगे, "रुईखेडच्या मासोया माह्या मासोयाईपेक्षा खादाड हायेत!"

मग थंडी आली. त्या साली ती जरा जास्तच आली. तांड्याच्या तलावात डोंगरसिंग रोज सकाळी जीव मुठीत धरून पाण्याकडं पाही. काही माशांच्या अंगावर चट्टे उठले, थोडे मेलेही. पण बाकीचे टोपलीला येत राहिले, आणि चट्टे उठलेल्यांतलेही काही भरून आले. रुईखेडात मात्र मासे पटापट उलटले. काठावर बगळ्यांची यात्रा भरली.

नानाजी पाटलांनी सदाशिवरावांना बोलावणं पाठवलं आणि डोंगरसिंगालाही. रुईखेडच्या तलावाच्या पाळीवर गाव जमला. पाटलीणबाई इंदूबाईही इतर बायकांसोबत एका बाजूला उभ्या होत्या. हंसाबाई नवऱ्यामागोमाग आली होती.

"साहेब," पाटील गरजले, "ह्या मानसानं आमाले फसवलं. सोताच्या मासोयाईले असली दवा, आमाले नकली. दर बाजाराले टोपली भरून नेली मी! अन् पाहा, काय झालं."

डोंगरसिंगाचा चेहरा उतरला. त्याच्या औषधाला कडू म्हटलेलं त्याला चालायचं, बैलाचं म्हटलेलं चालायचं, पण नकली! तो पाण्याकडं पाहत म्हणाला, "पाटील, एकाच परातीतला गोया, एकाच हाताचा. तुमच्या मासोयाईनं खाल्ला न् तरी मेल्या, तर मंग माह्या दवेत दमच नाई. राह्यलं. इतके वर्सं मी लोकाईले उगाच तरास देल्ला."

हे ऐकून जमलेल्यांपैकी कोणी हसलं नाही. हंसाबाईही नाही. ती सदाशिवरावांसमोर काही बोलणार, एवढ्यात बायकांतून इंदूबाई पुढं आल्या. डोक्यावरचा पदर सावरला न् म्हणाल्या, "साहेब, मासोयाईनं खाल्लं असतं तर कदाचित वाचल्याई असत्या. पन खाल्लं कोनं, ते इचारा ना."

"इंदू!" पाटील म्हणाले.

"कायले डोये वटारता? पाटामागच्या कोनाड्यात टोपली असते. सकायी एक, दुपारी एक, जेवल्यावर दोन. मी म्हनलं, मासोयाईचं हाये ते. तर म्हंते, मासोया काय बोलून राह्यल्या!"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू असं लोटलं की बगळे उडाले. पाटील फेटा सारखा करत उभे होते. त्यांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडलं. सगळे ढेकराची वाट पाहू लागले. आला नाही.

"पाहा," इंदूबाई म्हणाल्या, "पयले घरात झोप लागत नव्हती आवाजानं. आता शांत हाये. दवा असलीच हाये, भाऊ."

डोंगरसिंग पाटलांकडं टक लावून पाहत होता. राग? छे! चोरी, बदनामी, सगळं तो विसरला होता. पाटलांच्या जवळ जाऊन, त्यांचा हात धरून त्यानं विचारलं, "पाटील, खरं सांगा. सोताहून खाल्ली? कोनी तोंड नाई धरलं?"

"नाई," पाटील पुटपुटले. "लागते साजरी."

डोंगरसिंगानं त्यांना तिथंच मिठी मारली.

तिकडं सदाशिवराव पाण्याकडं पाहत हरखून गेले होते. "वा, पाटील, फार उत्तम काम केलंत!" पाटलांना ती थट्टा वाटली, पण साहेब मनापासून बोलत होते. "तेच बीज, तेच पाणी, तोच चुना, तीच ढेप. एका तलावात मसाला गेला, दुसऱ्यात नाही गेला. मी सांगून असं जमलं नसतं."

"म्हंजे माह्या दवेनंच वाचल्या ना साहेब?" डोंगरसिंगानं विचारलं.

सगळे कान टवकारून उभे राहिले. सदाशिवरावांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या तोंडावर मोठी झटापट दिसली.

"तसं दिसतंय खरं," ते म्हणाले. "पण एका हिवाळ्यावरून—"

"म्हना ना बाप्पा एक डाव!" हंसाबाई कळवळून म्हणाली.

"—एका हिवाळ्यावरून, मी नाही म्हणणार नाही."

मोहाडी तांड्यात त्याचा अर्थ हो असाच घेतला गेला.

त्यानंतर रुईखेडच्या तलावाचं खाद्य इंदूबाईंनी आपल्या हाती घेतलं. पाटलांच्या जिभेचा बंदोबस्त म्हणून आधी त्या हंसाबाईला म्हणाल्या, कडूलिंब घाला. हंसाबाई म्हणाली, मासोया थुंकतात. मग इंदूबाईंनी टोपलीचा बांबू तलावाच्या मधोमध रोवून घेतला. पाटलांना पोहता येत नव्हतं. त्यांच्यासाठी डोंगरसिंग वेगळे गोळे पाठवू लागला, अगदी सरळ, पानात बांधून. आणि पाटलांचं पाहून रुईखेडची आणखी चार पोटदुखी माणसं तांड्याची वाट चढू लागली.

उन्हाळ्यात पाणी उतरलं न् जाळी घेऊन भोई आले. त्यांचा म्होरक्या फकिरा. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की हा माणूस हाक मारतो न् मासे येतात. तो म्हणाला, "भाऊ, एक हाक मार ना. आमची मेहनत वाचन."

डोंगरसिंग दोरी गुंडाळत होता. "नाई."

"काहून?"

"पावन्याले जेवाले बलावतो मी. तुमी तुमची मेहनत करा." आणि तो पाठ फिरवून वावराकडं निघून गेला. जाळी ओढली जात होती तेवढा सगळा वेळ तो कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळल्या काड्या उपटत राहिला, ज्या उपटायची काही घाई नव्हती.

मासे उमरखेडच्या बाजारात गेले. मोठे, तेजदार, चट्टा नसलेले. विकणाऱ्या बायांनी हाकारा केला, "लसूण-ओव्याचे मासे! मसाला आतूनच लागलेला!" तो वास कोणाच्या नाकाला खरंच आला की नाही देव जाणे, पण दुपारच्या आत टोपल्या रिकाम्या झाल्या. बाबूसिंग नाईक संध्याकाळी स्वतः डोंगरसिंगाच्या दारी आला, पाटावर बसला, आणि आपणहून आ केला. तांड्यात त्याहून मोठा मान नव्हता. डोंगरसिंगानं त्याला कडूलिंबासकट गोळा दिला.

पावसाळा लागल्यावर नवं बीज आलं. डोंगरसिंगानं टोपली सोडली, "आवो, आवो" म्हटलं. बोटाएवढी पिल्लं आली, एकानं कण तोंडात घेतला न् फुर्रकन बाहेर टाकला.

"मसाला जास्त झाला," हंसाबाई मागून म्हणाली.

"इतकुसाच घातला हाये."

"कोनाची मूठ?"

डोंगरसिंगानं आपल्या मुठीकडं पाहिलं आणि टोपली वर ओढून निमूटपणे तिच्या हाती दिली.